घुमटाची नोंद 9 : तिसरं कातडं टिकलं!

घुमट म्हणजे मडक्याच्या एका तोंडावर कातडं ताणून केलेलं गोव्याचं वाद्य. माझं घुमट काल संध्याकाळी पहिल्यांदा खरोखर घुमलं. मागचं उघडं तोंड डाव्या तळव्याने झाकलं, उजव्या बोटांनी थाप दिली आणि तळवा हळूच सोडला, तसा नाद आतून वळून बाहेर आला. आई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘परत वाजव बघू.’’

दुसरं कातडं कडेला फाटल्याचं मागच्या वेळी सांगितलंच होतं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, बोकडाचं कातडं कशाला, पूर्वीसारखं घोरपडीचंच का नाही? घोरपडीला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय ज्या जिवाला कायद्याने राखायची वेळ आली, त्याला मारून त्याच्या निर्मात्याचीच स्तुती करायची, हे माझ्या मनाला पटत नाही. बोकडाचं कातडं खाटकाकडे नाहीतरी निघतंच.

पण ते जाड. सगळा त्रास तिथेच. या वेळी आणलेल्या कातड्यावर सुरीचे तीन ओरखडे होते. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पण आता कातडं उजेडासमोर धरून पाहिल्याशिवाय पैसे देणार नाही. रात्रभर भिजवलं, केस काढले, सुंभाने आवळून बांधलं, सावलीत वाळवलं. दोन दिवस ठीक वाजलं. मग पावसाची झड लागली आणि नाद बसला. नुसतं भद्द भद्द. चुलीजवळ शेकलं की तासभर बरं, मग पुन्हा तेच.

शेजारचे काका चवथीला आरत्यांना घुमट वाजवतात. त्यांनी कातड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘‘अरे, मध्ये जाड आहे, कडेला पातळ. ओल मध्येच धरून राहते.’’ मी उलटंच समजत होतो! सोडवलं, पुन्हा भिजवलं आणि शिंपलीच्या धारेने मधला भाग खरवडत बसलो, दोन संध्याकाळी. मडक्याची कडही बोटाला बोचत होती, ती 120 नंबरच्या पॉलिश पेपरने गोल केली. दुसरं कातडं तिथेच कापलं गेलं असणार. मडकं मात्र डिचोलीचं, त्याला नावं ठेवायला जागा नाही.

खरवडताना बायबलमधलं निर्गम 31 आठवत होतं. देवाने बसालेल नावाच्या कारागिराला नाव घेऊन बोलावलं, आपल्या आत्म्याने भरलं. आणि कशासाठी, तर सोनं, चांदी, पितळ, दगड, लाकूड घडवायला. हाताच्या कामासाठी! माती त्याने केली, मडकं आपल्यावर सोडलं. कोंसांच्या फेस्ताला, म्हणजे सुगीच्या सणाला, नव्या भाताची कणसं चर्चमध्ये नेतो, तेव्हाही त्याने वाढवलेलं आणि आपण पेरलेलं एकत्रच त्याच्यापुढे ठेवतो. माझ्यासाठी हे कातडं खरवडणं त्यातलंच आहे.

पुढे मडक्यावर नक्षी काढायचं ठरलं होतं, पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. ओलं असताना एकदा बांधायचं आणि अर्धवट वाळल्यावर त्याखाली दुसरा वेढा घालून ओढायचं. ताण दोनदा मिळेल. नक्षी राहू दे. भाचीसाठी लहान मडकं आणलं आहे, त्यावर करून बघतो.

त्याचं कातडं बादलीत भिजतंय. उद्या चर्चमधून मिसा (प्रार्थना) आटोपून आलो की खरवडायला बसेन. बारीक वळलेलं सुंभ कुठे मिळत असेल तर सांगा.