जुहूच्या वाळूत घरं शोधताना

जुहूला लहानपणापासून जातेय, पण ओहोटीला खाली वाकून वाळूतल्या किड्यांची घरं बघायला पहिल्यांदाच गेले. आजोबांचा हिशोब डोक्यात पक्का आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. परवा द्वितीया होती म्हणजे दीडला भरती आणि साडेसातच्या आसपास ओहोटी, म्हणून डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडली, दादरला बदलून पार्ल्याला उतरले, रिक्षा केली आणि पावणेसातला ओल्या वाळूत उभी.

आधी दिसल्या बारीक गोळ्या, बिळाभोवती रांगोळीसारख्या पसरलेल्या. त्या छोट्या खेकड्यांच्या, वाळूतलं खाणं चोखून उरलेली वाळू टाकतात ते. सोऱ्यातून शेव पडावी तसं वेटोळं दिसलं तर मात्र खाली वाळू गिळणारा किडा. त्यातही गंमत आहे, बलॅनोग्लॉसस नावाचा किड्यासारखा दिसणारा प्राणीसुद्धा असंच वेटोळं टाकतो आणि तो गांडुळापेक्षा आपल्याला, म्हणजे कणा असणाऱ्यांना, जवळचा!

पण मला हवी होती ती नळी थोडं खाली, पाण्याच्या जवळ सापडली. बोटाएवढी जाड, वाळूच्या वर जेमतेम दोन इंच, आणि तिच्यावर शिंपल्यांचे तुकडे कौलांसारखे एकावर एक बसवलेले, मधे शेवाळाची काडी आणि चक्क निळा नायलॉनचा दोरा. हा डायोपॅट्रा, नळीत राहणारा समुद्री किडा. स्वतःच्या अंगातून चिकट पदार्थ काढून नळी बनवतो आणि हाताला लागेल त्याने ती सजवतो (हात नाहीत त्याला, पण दुसरं काय म्हणू). एक फिरायला आलेले काका थांबले, "काय हरवलं का गं?" म्हटलं नाही काका, घर बघतेय, तर तेही गुडघ्यावर हात ठेवून वाकले.

शेजारच्या डबक्यातल्या नळीपाशी आम्ही अजिबात न हलता बसलो, सावलीसुद्धा पडू दिली नाही. पाचेक मिनिटांनी डोकं बाहेर आलं, त्यावर पाच लांब मिशा, मागे स्प्रिंगसारखे पिळाचे लाल कल्ले, पाठीवर मोरपिसासारखी झाक. काका हळूच म्हणाले, "अरे देवा, किती सुंदर," आणि तेवढ्यात तो सुर्रकन आत.

नळी उपटायची नाही हं, ती वर दिसते त्याच्या कितीतरी पट खाली जाते आणि किडा तुटतो. फोटोवरून डायोपॅट्रा म्हणता येतं, नेमकी जात ठरवायला त्याचे केस आणि कल्ले मायक्रोस्कोपखाली बघावे लागतात. मला डायोपॅट्रा पुरे. साडेआठला पाणी वर सरकायला लागलं, निळा दोरा हलला, मग तरंगला, आणि नळी दिसेनाशी झाली.