लोकल प्रीचरचा परवाना आणि एक बदलीपत्र

प्रशिक्षण दोन शनिवारांत उरकलं. बदलीपत्र, म्हणजे सभासदाचं नाव एका मंडळीतून दुसरीत नेणारं पत्र, यायला साडेसात महिने लागले. त्यामुळे आधी बदलीपत्राचंच लिहिते, बाकीचं मागाहून.

मेथडिस्ट मंडळीत पाळक नसलेल्या माणसाला नेमाने उपदेश करायचा तर लोकल प्रीचरचा परवाना लागतो. आमच्याकडच्या अर्जात नाव-पत्त्यानंतर लगेच विचारतात : पूर्ण सभासद आहात का, कधीपासून, कोणत्या मंडळीत? मी बाप्तिस्म्याचा दाखला जोडला होता. तो तसाच परत आला. बाप्तिस्म्याने मूल मंडळीत येतं, पण पूर्ण सभासद होतं ते दृढीकरणानंतर (म्हणजे मोठं झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीनंतर), आणि त्याची नोंद वेगळ्या रजिस्टरात असते. तुम्ही नागपुरात वीस वर्षं दर रविवारी बाकावर बसा, अर्पण द्या, संडे स्कूल चालवा. बदलीपत्र मागवलेलं नसेल तर नाव माहेरच्या गावच्या रजिस्टरातच राहतं. मला हे अर्ज भरेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. मंडळीतल्या निम्म्या सुनांची नावं अशीच कुठेतरी अडकलेली असतील, अशी माझी खात्री आहे.

हे पत्र आपण स्वतः आणायचं नसतं. इथले पाळक तिथल्या पाळकांना लिहितात, तिथून पत्र थेट इकडे येतं, इथे नाव चढतं, मग पोच परत जाते आणि तिथलं नाव कमी होतं. कागदावर चार पायऱ्या. माझं घोडं पहिलीवरच अडलं, कारण आमच्या पाळकसाहेबांनी विनंतीपत्र तिथल्या पाळकांच्या नावाने लिहिलं. मेथडिस्ट पाळक एका जागी फार राहत नाहीत. रीजनल कॉन्फरन्सला, म्हणजे सगळ्या प्रदेशाच्या सभेला, बिशप नेमणुका वाचतात आणि पेट्या बांधायला लागतात. आमचं पत्र पोचेपर्यंत ते पाळक दुसऱ्या गावी गेले होते. पत्रावर त्यांचं नाव, म्हणून कोणीतरी मोठ्या काळजीने ते त्यांच्या नव्या पत्त्यावर पाठवलं. तिथे ते तीन महिने पडून राहिलं. चूक कोणाचीच नाही म्हणायची, पण माझे तीन महिने गेले ते गेलेच. पत्रावर माणसाचं नाव घालूच नका. ‘पाळक, अमुक मंडळी’ एवढंच पुरे. खाली दुसरी ओळ घाला : ‘पाळक नसल्यास पास्टरेटचे सेक्रेटरी’ (पास्टरेट म्हणजे एका पाळकाकडे सोपवलेली मंडळी). पाठवायचं स्पीड पोस्टाने, पावती आपल्याकडे.

दुसऱ्या पत्राला उत्तर आलं, ‘या नावाची नोंद आढळत नाही.’ आढळणार कशी? अर्ज सासरच्या नावाने आणि दृढीकरण माहेरच्या. शिवाय जुन्या रजिस्टरांत नोंदी बहुतेक कुटुंबवार, म्हणजे वडिलांच्या नावाखाली असतात. नव्याने आलेल्या पाळकाला कपाटाची किल्ली मिळायलाच महिना लागतो. तो पन्नास वर्षांची पानं काय म्हणून चाळेल? विनंतीपत्रात माहेरचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, दृढीकरणाचं वर्ष आणि तेव्हाच्या पाळकांचं नाव, या चार गोष्टी पहिल्याच वेळी द्या. वर्ष आठवत नसेल तर त्या दिवशीचा ग्रुप फोटो शोधा. मागे तारीख लिहिलेली असते. दोन नावांची सांगड घालायला विवाहनोंदीची प्रमाणित प्रत लागते. ख्रिस्ती लग्न 1872 च्या कायद्याखाली लागतं आणि चर्चच्या विवाह रजिस्टरात त्याची नोंद असते, तिथून मिळते. आधार कार्ड जोडून भागत नाही, त्यावर माहेरचं नाव नसतं.

पत्र अखेर आलं, ते आमची पास्टरेट कॉन्फरन्स होऊन अकरा दिवसांनी. परवान्याची शिफारस हीच सभा करते, अध्यक्षस्थानी डी. एस. (डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट) साहेब असतात आणि त्यांच्या तारखा आधीच भरलेल्या. म्हणजे पुढच्या सभेपर्यंत थांबा. परवान्याचा विचार मनात आला की अर्ज नंतर मागा, आधी सेक्रेटरींना विचारा : सभा कधी, आणि माझं नाव कोणत्या रजिस्टरात?

मला राग येतो तो याचा, की ज्या कारणाने पत्र अडलं त्याच कारणासाठी या चर्चला लोकल प्रीचर लागतो. पाळक फिरते, म्हणून गावात राहणारं कोणीतरी हवं. सुरुवातीपासून हेच आहे. लंडनमध्ये मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या गैरहजेरीत थॉमस मॅक्सफील्ड नावाचा साधा विश्वासी उपदेश करू लागला. वेस्ली चिडून परतला, तेव्हा आई सुझॅनाने बजावलं की आधी त्याचं ऐक. ऐकल्यावर त्याने विरोध सोडला.

प्रशिक्षणाबद्दल तक्रार नाही. दोन शनिवार, रोज पाच तास. वेस्लीचे 1743 चे सामान्य नियम, विश्वासाच्या प्रश्नांचा विचार करायची शास्त्र-परंपरा-बुद्धी-अनुभव ही चौकट, आणि वर्गपुढारी, म्हणजे सभासदांच्या छोट्या गटाची काळजी घेणारा. हा तिसरा भाग सगळ्यांत कामाचा. ब्रिस्टलमध्ये 1742 मध्ये प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायला बारा-बारा जणांचे गट केले, माणशी आठवड्याला एक पेनी. पैसे गोळा करायला पुढारी घरोघर गेला तेव्हा कोण आजारी, कोणाच्या घरी दारू, हे कळायला लागलं. वर्गणीतून घरभेट निघाली ती अशी. आम्हांलाही प्रत्येकी बारा घरं दिली. मे महिन्यात नागपुरात भेटी सकाळी नऊच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. दुपारी दार वाजवलंत तर प्रार्थना राहील बाजूला, लोक तुम्हांलाच पाणी पाजत बसतील. भेटीत आजारी माणसाने प्रभुभोजन मागितलं तर त्याच दिवशी पाळकांना फोन करायचा. आपण द्यायचं नाही.

चाचणी-उपदेशाला पंधरा मिनिटं मिळतात. मिनिटाला शंभर शब्द धरा, म्हणजे दीड हजार. घरी मोठ्याने वाचून घड्याळ लावा. मनातल्या मनात वाचलं की दहाच मिनिटं होतात आणि पुलपिटावर वीस. एकच शास्त्रभाग घ्या. आमच्यातले दोघे अडकले ते सात वचनं शोधायला लावल्यामुळे. लोक पानं उलटत राहिले, ऐकलं कोणीच नाही. समोर हिंदी घरंही बसलेली असतात, तेव्हा वचन मराठीत वाचून आकडा हिंदीतही सांगा.

शेवटच्या आशीर्वादात मात्र जवळजवळ सगळेच चुकले. ‘प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता’ इथवर ठीक. पुढे अभिषिक्त पाळक हात उंचावून ‘तुम्हा सर्वांबरोबर’ म्हणतात. आपण हात खाली ठेवून, स्वतःलाही धरून, ‘आपणा सर्वांबरोबर’ म्हणायचं. परीक्षक नेमकं हेच टिपतात.

परवान्याचं नूतनीकरण दर वर्षी. किती उपदेश, किती भेटी, असा अहवाल मागतात, म्हणून पहिल्या रविवारपासून वही ठेवा : तारीख, शास्त्रभाग, ठिकाण.

आणि हो, चौथी पायरी. पोच परत गेली की नाही ते विचारा. माझी गेली नव्हती. माहेरच्या मंडळीकडून वार्षिक वर्गणीची आठवण अजून येते.