आज सेरियस (उंच खांबासारखा वाढणारा निवडुंग) कापावा लागला

सकाळी फोंड्याला जरा उघडीप होती म्हणून कुंड्या बघायला गेले, माझा चार फुटी सेरियस बुडाशी दाबला तर मऊ! काळजात धस्स झालं. पत्र्याखाली होता, पण झड आत येतेच ना आपल्याकडे. सुरी स्पिरिटने पुसली आणि आतला तपकिरी डाग संपून स्वच्छ गर दिसेपर्यंत चकत्या कापत गेले. आता वरचा तुकडा दोन-तीन आठवडे सावलीत सुकेल, जखम कडक झाली की मगच रेती नि चिऱ्याच्या बारीक खडीत लावायचा.

संध्याकाळी म्युनिकहून ताईचा कॉल. तिने गेल्या हिवाळ्यात तिचा हीटरच्या खोलीत ठेवला, प्रेमाने पाणीही घालत राहिली, पण उजेड नाही, मग शेंडा बारीक नि फिकट वाढला. म्हटलं, ताई, यंदा ऑक्टोबर ते मार्च पाणी जवळजवळ बंद कर, 5 ते 10 अंशांच्या उजेडाच्या खोलीत ठेव, झोपू दे त्याला. कोरडा असला की गारठा सोसतो, ओल्या मुळांना थंडी लागली की कुजतोच.

माझा तुकडा बाल्कांवात उभा ठेवलाय, आडवा ठेवला तर वाकडा वाढतो. आत्ताच परत बघून आले.