गोठलेल्या ओंडक्याला कोणतं ब्लेड लावायचं?

ओक, हिकरी, मेपल यांसारख्या कठीण लाकडाचा ओंडका थंडीत गोठला की बँडसॉ मिलवर (दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्टीने ओंडके कापणारं मशीन) पहिली तक्रार ठरलेली: फळी लाटेसारखी निघाली. लाकूड कठीण झालंय, ब्लेड अडतंय, असं समजून बरेच जण दातांचा सेट, म्हणजे दात बाजूला किती वाकवलाय ते माप, वाढवतात आणि लाट आणखी मोठी होते. गोठलेल्या लाकडात सेट वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो. याचं कारण भुशात आहे.

लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. साधारण ३० टक्के ओलाव्यापर्यंतचं पाणी पेशींच्या भिंतींत मुरलेलं असतं. त्यावरचं पाणी पेशींच्या पोकळ्यांत मोकळं असतं, आणि शून्य अंशाच्या थोडं खाली गेलं की त्याचा बर्फ होतो. म्हणून वाळलेल्या ओंडक्याला थंडीचा फार फरक पडत नाही, ताज्या तोडलेल्याला पडतो. बर्फ भरलेली पेशी दाताखाली वाकत नाही, तुटते. साहजिकच भुसा पिठासारखा बारीक पडतो.

हे पीठ दोन दातांमधल्या खाचेतून बाहेर पडायला हवं. दातांच्या सेटमुळे ब्लेडचं अंग आणि लाकूड यांच्यात जी फट राहते, तिच्यापेक्षा भुशाचे कण बारीक असले तर ते खाचेत न थांबता बाजूने फटीत सांडतात. ब्लेड पुढे जातं, मागे राहिलेला ओला भुसा गार फळीवर तिथंच गोठून चिकटतो. मग ब्लेडला सरळ जायला जागाच उरत नाही, ते वर किंवा खाली ढकललं जातं. फट मोठी केली तर जास्त भुसा सांडतो, एवढंच.

आता आकडे. सेट एका बाजूचा मोजतात. ओल्या, मऊ, न गोठलेल्या लाकडाला एका बाजूला ०.६ मिमी किंवा त्याहून थोडा जास्त सेट चालतो. गोठलेल्या कठीण लाकडाला ०.४५ ते ०.५० मिमी ठेवा. १.०७ मिमी जाडीच्या ब्लेडला ०.४८ चा सेट दिला की काप साधारण २ मिमी रुंद पडतो. ०.४० च्या खाली मात्र जाऊ नका. ब्लेडचं अंग लाकडावर घासतं, तापतं, ताण सुटतो, आणि लाट पुन्हा हजर. सेट डाव्या-उजव्या बाजूला सारखा आहे ना, हे डायल गेजवर पाहा. एका बाजूला ०.०५ मिमी जास्त असला तरी ब्लेड त्या बाजूला ओढतं, आणि गोठलेल्या लाकडात ही चूक झाकली जात नाही.

दुसरा निर्णय हुक अँगलचा, म्हणजे दाताचा पुढचा चेहरा किती पुढे झुकलेला आहे त्याचा. रोजच्या कामाचं ब्लेड १० अंशांचं असतं. असा दात लाकडात स्वतःहून घुसतो. मऊ लाकडात हा गुण, गोठलेल्या गाठीवर दोष. दात गाठीत ओढला जातो, ब्लेड उसळतं, शिवाय टोकामागे पोलाद कमी असल्याने धार लवकर मोडते. ४ अंशांच्या दातामागे भरपूर पोलाद असतं, तो लाकूड खरवडत जातो आणि आपली रेघ सोडत नाही. पाकिटावर ४/३२ किंवा ७/३४ असे आकडे दिसले तर पहिला हुक अँगल आणि दुसरा दाताच्या पाठीचा कोन.

पूर्ण गोठलेल्या, गाठाळ ओक-हिकरीला ४ अंश घ्या. पण हा दात स्वतःहून ओढत नाही, त्यामुळे इंजिनाला जोर लागतो. १५ एचपीच्या आतल्या मिलला ७ अंश बरं पडतं. इंजिन दबणार नाही. ब्लेडची एकच जादा पेटी घ्यायची असेल तर माझं मत ७ अंशांना. उन्हाळ्यात कठीण लाकडालाही ती चालते.

दातांचं अंतर २२ मिमी ठीक. जाडीच्या बाबतीत मात्र मोह आवरा. १.१४ किंवा १.२७ मिमीचं ब्लेड ताठ राहतं हे खरं, पण लहान चाकांवर वाकताना त्याच्यावर प्रत्येक फेरीत जास्त ताण येतो आणि खाचेच्या तळाशी तडे जातात. चाकाच्या व्यासाचा हजारावा भाग हा जाडीचा ढोबळ हिशोब. ४८० मिमीच्या चाकाला त्या हिशोबाने ०.४८ मिमीच येते, आणि आपण आधीच १.०७ लावतोय! म्हणजे आयुष्य आधीच उधार घेतलेलं आहे. जाडी वाढवायची तर मोठी चाकं हवीत.

बायमेटल ब्लेडच्या दातांच्या टोकाला हायस्पीड स्टील असतं, गोठलेल्या लाकडात त्याची धार साध्या कार्बन स्टीलपेक्षा बरीच जास्त टिकते. मात्र खिळा लागला की महागडं ब्लेड साध्या ब्लेडइतक्याच सहज जातं. कुंपणाजवळच्या झाडांना ते लावू नका.

फीड, म्हणजे ब्लेड ओंडक्यात पुढे सरकवण्याचा वेग. दाताने चावा घ्यायला हवा. ब्लेडचा वेग सेकंदाला २५ मीटर आणि दातांचं अंतर २२ मिमी धरलं तर सेकंदाला सुमारे ११३६ दात लाकडात शिरतात. फीड मिनिटाला ६ मीटर असेल तर एका दाताच्या वाट्याला ०.०९ मिमी येतं, ३ मीटर असेल तर ०.०४४. लाट दिसली की हात आपोआप फीड कमी करतो, आणि भुसा आणखी बारीक होतो. आधी धार तपासा, फीड नंतर. बोथट ब्लेड गोठलेल्या लाकडात दुरुस्त होत नाही, फक्त बदलता येतं. सालीवरचा गोठलेला चिखल म्हणजे सँडपेपरच, तो कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून काढा.

सगळ्यात त्रासाचा ओंडका अर्धवट वितळलेला. बाहेरचं पांढरं लाकूड मऊ, आतला गाभा गोठलेला, किंवा पहाटे उलट. एकाच कापात ब्लेडला दोन लाकडं भेटतात आणि सीमेवर ते उडी मारतं. यावर ब्लेडचा उपाय नाही. पूर्ण गोठलेला असताना कापा, नाहीतर पूर्ण वितळू द्या.

ब्लेड ओलं ठेवायला त्यावर पाण्याचा थेंब चालू ठेवायचा तर तो गोठू नये. डिझेल आणि चेन ऑइल निम्मं-निम्मं, दोन्ही बाजूंना जेमतेम ओलावा येईल इतकंच, कारण डिझेल चाकांवरचे रबरी बेल्ट खराब करतं. थंडीत चालणारं काच धुण्याचं वॉशर द्रव हा स्वच्छ पर्याय, पण त्यात बऱ्याचदा मिथेनॉल असतं, बंदिस्त शेडमध्ये वापरू नका.

शेवटी ताण. कापताना ब्लेड तापतं, मशीनची चौकट गारच राहते. ४ मीटरचं ब्लेड ३० अंशांनी तापलं तर सुमारे १.४ मिमी लांब होतं, आणि ताण तेवढा सैल पडतो. म्हणून पहिल्या दोन-तीन कापांनंतर ताणाचा गेज पुन्हा पाहा आणि ताण भरून घ्या. काम थांबताना ताण सोडा. गरम ब्लेड घट्ट ठेवून गेलात तर रात्री ते तेवढंच आखडतं, आणि सकाळी बेल्टवर खड्डे किंवा ब्लेडला तडा दिसतो. सुरू करण्याआधी चाकांवरचा गोठलेला भुसा खरवडा आणि एक-दोन मिनिटं ब्लेड मोकळं फिरवा.