आरडी अजून विकली का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

आरडी म्हणजे राजदूत ३५०, यामाहाच्या आरडी ३५० ची फरिदाबादला बनलेली आवृत्ती, टू-स्ट्रोक मोटारसायकल. विचारणारे दोन तऱ्हेचे. घरचे आणि शेजारचे म्हणतात, "अजून विकली नाहीस?" पंचविशीतली पोरं म्हणतात, "काका, मला पण एक आरडी बघून द्या की." दोघांनाही आजवर मी "आवाज ऐक" एवढंच सांगून कटवत आलो. आता नीट सांगतो.

३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, हे तुम्हाला पाठ आहे. तिच्या दोन मॉडेलांतलं कुठलं बरं, हाय टॉर्क ३०.५ बीएचपी की लो टॉर्क २७, यावरची भांडणंही पाठ आहेत. चाळीस वर्षांच्या इंजिनात त्या साडेतीन बीएचपीला काही अर्थ उरलेला नसतो. बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, गोल आहे का आणि क्रँक सरळ आहे का, ते बघा.

चांगलं आधी. हेडमध्ये व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. हेड आणि ब्लॉक काढून पिस्टन हातात घ्यायला एक दुपार पुरते, आणि इंजिन फ्रेममध्येच राहतं. पिस्टन ०.२५ च्या टप्प्याने मिळतात, मूळ ६४ मिलीमीटरपासून ६५ पर्यंत, म्हणजे एका ब्लॉकला आणखी चार जन्म. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचे पार्ट करणारे लेथवाले आहेत, त्यांचा हात बारीक आहे. फक्त एक सांगायचं: "पिस्टन आधी मोजा, मग बोअर मारा." गॅप चार शतांश मिलीमीटरच्या आसपास लागते. पिस्टन न मोजता नुसत्या साइजवर मारलेला बोअर नवा असतानाच धरतो, म्हणजे पिस्टन आत अडकून बसतो.

वाईटही लपवत नाही. लिटरला वीस-बावीस. जळायच्या आधीच थोडं पेट्रोल एक्झॉस्ट पोर्टमधून निघून जातं, टू-स्ट्रोकचा तो जन्मजात दोष आहे. कुठला कार्बोरेटर लावून तो जात नाही. सात रस्त्याला तीन सिग्नल लागले की प्लग काळा. पुढचा ब्रेक ड्रम. बाहेरच्या देशांत यामाहाने डिस्क दिली होती, आपल्या फरिदाबादच्या गाडीला ती आली नाही. त्या ड्रममध्ये दोन्ही शू एकदम टेकावेत म्हणून बाहेरचा जोडरॉड नीट लावावा लागतो. तो चुकला की एकच शू काम करतो आणि लोक म्हणतात, आरडीला ब्रेकच नाही. पंधरा वर्षं उलटली की आरसी दर पाच वर्षांनी नवी करायची आणि पर्यावरण कर भरायचा. ते करा, रडू नका.

आता डाव्या सिलिंडरचं. खरं उत्तर तिथे आहे.

डिसेंबरची सकाळ, पुणे रोड, सावळेश्वरचा टोलनाका मागे पडलेला. काटा शंभरच्या जरा खाली, थ्रॉटल दहा मिनिटं एकाच जागी. आवाज आधी पातळ झाला, मग ओढ कमी झाली, मग मागचं चाक चिरकलं. क्लच दाबला म्हणून हाडं शाबूत. वीस मिनिटांनी किकला सुरू झाली, पण डावीकडे कॉम्प्रेशन मेलेलं. ब्लॉक उघडला तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूलाच उभे ओरखडे, डोकं कोरडं, राखाडी. प्लग पांढरा.

सगळ्यांनी सांगितलं, ऑइल कमी पडलं. मीही तेच मानलं. दोन्ही ब्लॉक एक साइज वर नेले, ऑइलचा पंप जागेवर होताच, वर टाकीत पेट्रोलमध्ये आणखी टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, ओतलं. तीन आठवड्यांनी पुन्हा डावाच धरला. तेव्हाच्या मला आज समोर बसवून विचारावंसं वाटतं: अरे, टाकी एक, पेट्रोल एक, पंप एक, मग उजवा कसा वाचला?

वर ओतलेल्या ऑइलने उलट नुकसान केलं. कार्बोरेटरच्या जेटमधून, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून, जाणाऱ्या प्रत्येक थेंबात ऑइल वाढलं म्हणजे पेट्रोल घटलं, वर ते घट्ट झालं. हवा तेवढीच. मिश्रण आणखी पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पांढरा प्लग तेच सांगत होता. ज्या सल्ल्याने गाडी मेली तो सल्ला मी स्वतः चार जणांना दिला होता, त्यातला एक अजून भेटला की हसतो.

आणि तो महिना डिसेंबरच का होता? सोलापुरात उन्हाळ्यात ४२ अंशांत गाडी धरेल अशी सगळ्यांना भीती. पण १२ अंशांची हवा ४२ अंशांच्या हवेपेक्षा दहा टक्क्यांनी जड असते. कार्बोरेटरला ते कळत नाही, त्याची भरपाई अर्धीच होते. मेमध्ये बरोबर वाटणारा मेन जेट जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या थंडीत कमी पडतो. म्हणून दिवाळीनंतर एक नंबर मोठा जेट घालायचा.

तरी थंडीने एकटी डावी बाजू मरत नाही. डाव्या बाजूला मॅग्नेटो, म्हणजे वीज बनवणारा भाग, आणि तिथलं क्रँक सील, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, कोरडं. ते गळलं की बाहेरची हवा थेट क्रँककेसमध्ये, इंजिनाच्या पोटात येते, आणि पोटातल्या त्या हवेबरोबर पेट्रोल नसतं. उजवीकडचं सील क्लचच्या ऑइलमध्ये बसतं, ते फाटलं तर पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइल घटत जातं, म्हणजे निदान दिसतं तरी. डावं गुपचूप मारतं. त्याची खूण एकच, ॲक्सिलेटर सोडल्यावर आरपीएम लगेच खाली येत नाही, वरच लोंबकळतं. मला ते लोंबकळणं आवडायचं. "मोकळी झाली गाडी" म्हणत फिरत होतो.

तपासायची पद्धत स्वस्त आहे. दोन्ही एक्झॉस्ट पोर्ट रबर आणि पट्टी लावून बंद करा, दोन्ही इनटेकही बंद. दोन्ही बाजू एकदम, कारण क्रँकच्या मधलं सील लॅबिरिंथचं, म्हणजे रबराचं नाही, नुसत्या खाचांचं असतं, ते हवा पूर्ण अडवत नाही. एका प्लगच्या भोकात बूच, दुसऱ्यात नळी, नळीला बीपी मोजायचा फुगा. दाब ३०० पर्यंत न्या, त्याच्या वर नको. काटा पाच-सहा मिनिटं जवळजवळ तिथेच थांबला पाहिजे. माझा एका मिनिटात निम्म्यावर. साबणाचं पाणी मारल्यावर मॅग्नेटोच्या मागे फेस.

सील नवं होतं. ओठ, म्हणजे क्रँकला टेकणारी रबरी कड, आत दुमडलेला. कोरडं, सॉकेट ठेवून हातोडीने ठोकून बसवलेलं. वर्षभर मी पेट्रोल पंपाला, पिस्टनवाल्याला, लेथवाल्याला दोष देत होतो. ते सील मीच ठोकलं होतं. ओठाला ऑइल न लावता.

म्हणून जी पोरं बघून द्या म्हणतात, त्यांना सांगतो: रंग, बिल्ला, सायलेन्सर नंतर. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी जुळवा. मग गाडी गरम करून ॲक्सिलेटर उघडा, सोडा, आरपीएम कसं उतरतं ते बघा. लोंबकळलं तर क्रँककेस उघडायचा खर्च किमतीतून वजा करा. प्लगला ठिणगी देणारे पॉइंट दोन आहेत, दोन्हींची गॅप ०.३ ते ०.४ मिलीमीटर, आणि टायमिंग दोन्हींचं वेगवेगळं लावा, पिस्टन वर पोचायच्या २ मिलीमीटर आधी. डायल गेज वापरा, अंदाजाने नको. विकणारा "फक्त कार्बोरेटर ट्यून करायचाय" म्हणाला तर उठा.

आणि आता पेट्रोलमधलं हे वीस टक्के इथेनॉल. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात बसून त्याला नावं ठेवणं शोभत नाही, पण इंजिनाला राजकारण कळत नाही. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच हवेला पेट्रोल जास्त हवं. त्याच जेटवर मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं, त्यावर थंडी. पाइप आणि नीडलची रबरं फुगतात ती वेगळीच. महिनाभर उभी ठेवायची तर टाकी आणि फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवा, नाहीतर तळाला पाणी.

विकत का नाही? चार हजार आरपीएमच्या पुढे इंजिन एकदम ओढ घेतं तेव्हा काय होतं ते सांगितलं तरी घरच्यांना पटत नाही, आणि खर्चाची वही उघडली की मलाही पटत नाही. दोन्ही खरं आहे.

जेट दोन नंबर मोठा आहे. सील तीनशेवर धरतंय. दोन्ही पॉइंट जागेवर. गेल्या रविवारी होटगी रोडला पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करून प्लग काढले. डावा अजून उजव्यापेक्षा फिकट आहे.