घरची कॉफी की दुकानातली? तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी येतो. घरी आलेले लोक ओट्यावरचा हातानं फिरवायचा ग्राइंडर, छोटा वजनकाटा, फिल्टर पेपरचा गठ्ठा बघतात आणि विचारतात की एका कपासाठी एवढा खटाटोप कशाला, दुकानात जाऊन घेतली की झालं ना. आणि जे मला कॉफीच्या दुकानांच्या एखाद्या मोठ्या चेनमध्ये हातात कप घेऊन बसलेली बघतात ते म्हणतात, अहो तुम्ही तर घरी एवढी मन लावून कॉफी करता, मग इथे कशाला पैसे घालवता? परवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या भाचीनं सरळच विचारलं, मावशी, मी रोज ऑफिसला जाताना बाहेरची घेते ते बंद करून घरी करायला लागले तर खरंच पैसे वाचतील का, आणि तशी चव येईल का? तिला तेव्हा घाईघाईत दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं पण ते अर्धवट होतं, म्हणून आता नीट लिहिते.

उत्तर आधीच सांगून टाकते. बिनदुधाची घरी करा, दुधाची बाहेर प्या. मी गेली कित्येक वर्षं असंच करतेय आणि त्यामागे कारणं आहेत.

पैशाचं आधी उरकते कारण ते सोपं आहे. एका कपाला साधारण 15 ग्रॅम कॉफी आणि 240 मिली पाणी लागतं. म्हणजे 250 ग्रॅमच्या पाकिटात सोळा कप. आता तुमच्याकडे चांगल्या बीन्सचं, म्हणजे कॉफीच्या भाजलेल्या अख्ख्या बियांचं, पाकीट केवढ्याला मिळतं आणि दुकानातला कप केवढ्याला पडतो हे तुमचे भाव घालून बघा, गणित तुमचं तुम्हालाच दिसेल. फरक मोठा निघतो. पण हे गणित साध्या फिल्टर कॉफीचं आहे, म्हणजे कागदातून गाळलेल्या काळ्या कॉफीचं. तुम्ही जर घरी मशीन घेऊन कॅपुचिनो, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, करायला निघालात तर ते मशीन, त्याला चालेल असा बारीक दळणारा ग्राइंडर, दूध, हात बसेपर्यंत वाया जाणारी कॉफी, हे सगळं धरावं लागतं आणि मग ते पैसे वसूल व्हायला वर्षं लागतात. कॅप्सूलवाल्या, म्हणजे एका कपापुरती कॉफी भरलेली बंद डबी घालायच्या, मशीनचंही तेच, मशीन स्वस्त मिळतं पण एका कॅप्सूलमध्ये पाच-सहा ग्रॅम कॉफी असते, तिचा ग्रॅममागे भाव काढून बघा.

आता चव. काळी कॉफी घरी चांगली होते असं मी म्हणते ते काही घरचं ते घरचं या प्रेमापोटी नाही. कॉफीचा बी भाजला की त्यात कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो आणि सुगंधाची द्रव्यंही त्यातच असतात. बी अख्खा असेपर्यंत ती बऱ्यापैकी टिकतात, दोन-चार आठवडे तरी. पण दळलं की सगळं उडायला सुरुवात होते आणि ते फार झपाट्यानं होतं, दळताना स्वयंपाकघरभर जो वास सुटतो ना तो म्हणजे कपात यायच्या आधीच निघून चाललेली चव आहे. म्हणून करायच्या वेळीच दळायचं, तेवढंच दळायचं. चेनच्या दुकानात काळी कॉफी बऱ्याचदा मोठ्या भांड्यात एकदम करून थर्मासमध्ये ठेवलेली असते, ती कधी केलीय हे आपल्याला कळत नाही. शिवाय मोठ्या चेन बहुतेक गडद भाजतात. त्याचं कारण मला पटतं, जगात कुठल्याही शाखेत गेलं तरी चव सारखी लागायला हवी आणि दुधा-साखरेतून ती वर यायला हवी, त्यासाठी गडद भाजणं सोयीचं असतं. पण तीच कॉफी दुधाशिवाय प्यायली की भाजल्याची कडू चव तेवढी पुढे येते आणि बी कुठला होता, कसला होता, हे सगळं मागे पडतं.

पहिल्यांदा मी ताज्या बीन्सची कॉफी केली तो दिवस मला आठवतो. फिल्टरमध्ये दळलेली कॉफी घातली, वजनकाट्यावर बघत 30 ग्रॅम पाणी ओतलं आणि थांबले. तर ती पूड हळूहळू वर यायला लागली, मधोमध घुमट झाला, त्यावर बारीक बारीक बुडबुडे येऊन फुटत होते, कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडल्यावर येतात तसे. तो अडकलेला वायू बाहेर पडत होता. त्याआधी पाकिटातल्या तयार पुडीवर मी कितीतरी वेळा पाणी ओतलं होतं, ती नुसती ओली व्हायची, हलायची नाही. त्या दिवशी मला कळलं की इतकी वर्षं मी शिळी कॉफी पीत होते. अजूनही सकाळी ते तीस-चाळीस सेकंद मी दुसरं काही करत नाही, फोन नाही काही नाही, नुसती बघत उभी राहते.

आणि याला साधनं किती लागतात? कागदाच्या फिल्टरची कल्पना एका गृहिणीची आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ नावाची बाई रोजच्या कॉफीतल्या गाळाला आणि कडवटपणाला कंटाळली होती, तिनं पितळेच्या भांड्याला खिळ्यानं भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टिपकागद काढून त्यात घातला आणि त्यातून कॉफी गाळली. 1908 साली तिनं त्याची रीतसर नोंदणी केली आणि पुढे त्यातून मोठी कंपनी उभी राहिली. शंभराहून जास्त वर्षं झाली, माझ्या ओट्यावर आजही तत्त्व तेच आहे, भोकाचं भांडं आणि कागद. मला या बाईबद्दल फार आदर वाटतो.

आता दुधाच्या कॉफीकडे येते, आणि इथे मला मोकळेपणानं सांगायचंय की मी घरी हे जमवायचा पुष्कळ प्रयत्न केला. दुधाच्या कॉफीत खाली असतो तो एस्प्रेसो, म्हणजे दाबानं काढलेली थोडीशी दाट कॉफी. त्यासाठी एक छोटं एस्प्रेसो मशीन घेतलं, खोक्यावर मोठ्या अक्षरात 15 बार लिहिलेलं होतं, बार म्हणजे दाबाचं माप, मला वाटलं जेवढे बार जास्त तेवढं चांगलं. ते तसं नसतं. एस्प्रेसोला लागतो साधारण 9 बारचा दाब, पण तो 18 ग्रॅम बारीक आणि एकसारख्या दळलेल्या पुडीवर, नीट दाबलेल्या, पंचवीस-तीस सेकंद एकसारखा लागतो, आणि पाण्याचं तापमान मध्येच हलून चालत नाही. माझ्या मशीनमधून दहा सेकंदात पाण्यासारखी पातळ धार यायची नाहीतर काहीच यायचं नाही, आणि दुधाला जी वाफ यायची ती इतकी मंद की फेस व्हायच्या आत दूध उकळायला लागायचं. सहा-सात महिने रोज खपले त्याच्यावर. शेवटी ते एका ओळखीच्या मुलाला देऊन टाकलं, त्याला यंत्रं उघडून बघायची आवड आहे.

मुळात एस्प्रेसो ही घरात जन्मलेली गोष्टच नाही, ती दुकानासाठी झाली. इटलीतल्या मिलानमध्ये लुईजी बेझ्झेरानं 1901 साली वाफेच्या दाबावर कॉफी काढायच्या यंत्राचं पेटंट मागितलं ते गिऱ्हाइकाला झटपट कप मिळावा म्हणून. त्यात दाब जेमतेम दीड-दोन बार असायचा. पुढे आकिल्ले गाज्जियानं वाफेऐवजी दट्ट्यानं गरम पाणी दाबायची युक्ती काढली, 1948 पासून ती यंत्रं दुकानांत आली आणि तेव्हा पहिल्यांदा कॉफीवर तो तपकिरी फेस दिसला, ज्याला आपण क्रेमा म्हणतो. मग 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ई61 या यंत्रानं दट्ट्याच्या जागी पंप आणला. म्हणजे साठ वर्षं हुशार माणसांनी एका मोठ्या, जड, दिवसभर तापलेल्या यंत्रावर डोकं लढवलं तेव्हा तो कप झाला, तो माझ्या ओट्यावरच्या डब्याएवढ्या यंत्रातून निघत नाही यात मला आता वाईट वाटत नाही. मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवून वाफेच्या दाबानं कॉफी काढायचं भांडं, इटलीत घरोघरी आहे, 1933 पासूनचा, कॉफीही कडक करतो आणि मला आवडतो, पण त्यातला दाब एक-दोन बारचा, तो एस्प्रेसो नव्हे.

तर दुधाची कॉफी मी बाहेर पिते, आणि लहान कप घेते. कारण बऱ्याच दुकानांत कप मोठा केला म्हणून एस्प्रेसो त्या मानानं वाढत नाही, दूध वाढतं आणि फ्लेवरवालं असेल तर सिरप वाढतं. 350 मिलीच्या कपात 40 ते 60 मिली कॉफी असते, बाकी तुम्ही दुधाचे पैसे देता.

मी जाते त्या दुकानात काउंटरवर एक मुलगी असते, गर्दी नसताना तिनं मला एकदा दूध कसं करते ते दाखवलं. वाफेची नळी आधी दुधाच्या अगदी वरच्या थरात धरायची, तेव्हा कागद फाटल्यासारखा चर्र चर्र आवाज येतो, तेवढ्यात हवा आत जाते, चार-पाच सेकंदच. मग नळी जराशी खाली नेऊन दूध नुसतं गरगर फिरवायचं म्हणजे मोठे बुडबुडे मोडून बारीक होतात. दुसऱ्या हाताचा तळवा भांड्याला लावलेला. म्हणाली, हात धरवेनासा झाला की बंद. ते साठ-पासष्ट अंश असतं. तेवढ्या गरम दुधात गोडवा छान लागतो, सत्तरच्या वर गेलं की तो जातो आणि उतू गेलेल्या दुधासारखा वास यायला लागतो. मग भांडं ओट्यावर दोनदा आपटलं, हलवलं, तर दूध ओल्या ऑइलपेंटसारखं चकाकत होतं. ती दिवसात शंभरएक वेळा हे करत असेल. तिच्या हाताला पैसे देताना मला कधीच जिवावर येत नाही. उलट जिथे नुसतं बटण दाबून मशीन सगळं करतं तिथे मी फारशी जात नाही.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. आज जगभर पसरलेली जी सगळ्यात मोठी चेन, स्टारबक्स, ती 1971 साली सिएटलमध्ये सुरू झाली तेव्हा तिथे कप विकत नव्हते, भाजलेले बी विकायचे, लोकांनी घरी नेऊन करावी म्हणून. हॉवर्ड शुल्ट्झ तिथे नोकरीला होते, ते 1983 मध्ये मिलानला गेले, तिथली एस्प्रेसोची दुकानं बघून आले आणि मालकांच्या मागे लागले की आपणही कप विकू. मालकांना ते फारसं नको होतं. 1987 मध्ये शुल्ट्झनी ती कंपनीच विकत घेतली आणि मग पुढचं सगळं झालं. मला यातलं एवढंच घेण्यासारखं वाटतं की घरची आणि दुकानातली यांचं भांडण आपण लावतो, तिथे एकाच काउंटरवरून दोन्ही झालेलं आहे. माझ्या सवयीचं दुकान बीन्सही विकतं, भाजल्याची तारीख विचारते आणि पाकीट घेऊन येते.

आणि एक कारण आहे ज्याचा चवीशी संबंध नाही. आई आजारी होती तेव्हा पाच आठवडे माझे दिवस हॉस्पिटलमध्ये गेले. समोर रस्त्यापलीकडे एका चेनचं दुकान होतं, कॉफी यथातथाच. दुपारी भाऊ आला की मी तिकडे जायचे आणि खिडकीजवळ बसायचे. तिथे मला कोणी विचारायचं नाही की आता कसं आहे, डॉक्टर काय म्हणाले. कप समोर असला की कोणी उठ म्हणत नाही, अर्धा पाऊण तास ती खुर्ची माझी. त्या पाच आठवड्यांत तिथे किती पैसे गेले ते मी मोजलेले नाहीत आणि कोणी मला ते हिशोबात धरायला सांगितलं तर मी धरणार नाही. घरी त्या दिवसांत मी एकदाही कॉफी केली नाही, बीन्सचं पाकीट तसंच पडून शिळं झालं.

तर भाचीला मी शेवटी हे सांगितलं. मशीन घेऊ नकोस. आधी ग्राइंडर घे, हाताचा चालेल, पण आत दात असलेला, ज्यात बी दोन दात्यांच्या मधून चिरडला जातो. पात्यांचा नको, पात्याखाली अर्धं पीठ होतं आणि अर्धे तुकडे राहतात, मग त्या पिठातून कडू उतरतं आणि तुकड्यांतून आंबट, दोन्ही एकाच कपात. मग एक साधा फिल्टर आणि ग्रॅम दाखवणारा काटा. पाणी उकळून अर्धा मिनिट थांब, ब्याण्णव ते शहाण्णव अंशाला येतं. पाणी स्वतः चाखून बघ, कॉफीत अठ्ठ्याण्णव टक्के तेच असतं. पाकीट छोटं घे, भाजल्याची तारीख बघूनच, आणि शुक्रवारी मैत्रिणींबरोबर बाहेरची पितेस ती बंद करू नकोस.

तिनं ग्राइंडर घेतला. काल सकाळी मेसेज आला, मावशी, तू सांगितलंस तस्संच केलं पण कडू झाली, घशाला कोरड पडतेय. पाणी खाली उतरायला किती वेळ लागला विचारलं तर म्हणे पाच मिनिटं. म्हणजे फार बारीक दळलं होतं. ग्राइंडरचा काटा दोन घरं जाडीकडे सरकव म्हटलं, पाणी तीन मिनिटांत उतरलं पाहिजे, आणि आंबट लागली तर एक घर मागे ये. आज अजून तिचा मेसेज आलेला नाही, मी वाट बघतेय.