नोंद पक्की, मेल गायब

सर्व्हर बदलल्यानंतर ग्राहकांना बिलं मेल करणारा रात्रीचा क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट, बिनबोभाट चालत होता. लॉगमध्ये एरर नाही, डेटाबेसमध्ये प्रत्येक बिलापुढे ‘मेल पाठवला’ अशी नोंद. ग्राहक मात्र म्हणत होते, मेल आलाच नाही.

नोंद नसलेलं एक बिल घेऊन तीच स्क्रिप्ट टर्मिनलवर हाताने चालवली. मेल लगेच आला. पुन्हा चालवली, तर त्याच बिलाचा मेल पुन्हा आला! म्हणजे आता मेल जात होता आणि नोंद होत नव्हती. बरोबर उलटं.

कोड पायथॉनचा. मेल पाठवणारं फंक्शन आतल्या आत ‘ड्राय_रन’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारं सेटिंग, वाचायचं. ते नसेल तर ‘१’ धरायचं, म्हणजे नुसती रंगीत तालीम, मेल पाठवायचा नाही. नोंद करणारं फंक्शनही तेच वाचायचं, पण त्यात काहीतरी आहे की नाही एवढंच बघायचं. टर्मिनलवर त्याची किंमत होती ‘०’. एन्व्हायर्नमेंटमधून येते ती स्ट्रिंग, म्हणजे आकडा नव्हे तर मजकूर, आणि पायथॉनच्या लेखी रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरी, भले तिच्यात शून्य असो. त्यामुळे नोंद करणाऱ्याला वाटायचं तालीम चालू आहे, पाठवणाऱ्याला वाटायचं नाही. ती ‘०’ यायची बॅशआरसीमधून, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फाइलमधून. क्रॉन तर बॅशआरसी वाचतच नाही. तिथे व्हेरिएबलच नव्हतं. मेल नाही, नोंद पक्की.

मग आधी हे चालत कसं होतं? जुन्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनची कामं लिहिलेल्या फाइलमध्ये, ‘ड्राय_रन’पुढे नुसती रिकामी अवतरणचिन्हं सापडली. रिकामी स्ट्रिंग हीच एक किंमत अशी, की मेलही जायचा आणि नोंदही व्हायची. कोणी मुद्दाम लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

तीच ओळ नव्या क्रॉनटॅबमध्ये टाकून त्या रात्रीचं भागवलं. मग दोन्ही फंक्शनांना ‘ड्राय_रन’ हा पॅरामीटर दिला, म्हणजे ही किंमत बोलावणाऱ्यानेच हातात द्यायची, तीही डीफॉल्टशिवाय. व्हेरिएबल आता फक्त ‘मेन’ या सुरुवातीच्या फंक्शनमध्ये एकदा वाचलं जातं, तिथेच त्याचं खरं-खोटं ठरतं, ‘०’ आणि ‘१’ सोडून काही आलं तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो. सहकाऱ्याची कुरकुर होती, की मधल्या फंक्शनांना गरज नसताना हा पॅरामीटर वाहावा लागतो. खरं आहे. पण फंक्शनची पहिली ओळ वाचून ते कशावर अवलंबून आहे हे कळतं, आणि टेस्टमध्ये एन्व्हायर्नमेंट बदलून परत पूर्ववत करण्याची कटकटही गेली. डेटाबेसचा पासवर्ड अजून एन्व्हायर्नमेंटमध्येच आहे, तिथे माझी तक्रार नाही.

राहिली ती न गेलेली बिलं. डेटाबेसवर विसंबता येईना, म्हणून मेल सर्व्हरचा लॉग काढून एकेक नोंद पडताळत बसलो.